फ्लॉइड रोजवाल्या गिटारवर नऊच्या तारा काढून दहाच्या चढवल्या, त्या तीन संध्याकाळी

गिटारच्या तारा बदलायचं काम मी आठ-नऊ वर्षं करतोय, साध्या फिक्स ब्रिजच्या (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथे बांधलेल्या असतात तो भाग) गिटारवर तर ते अर्ध्या तासात उरकतं. पण फ्लॉइड रोजसारख्या फ्लोटिंग, म्हणजे तरंगत्या ब्रिजवर तारांचा गेजच (जाडी) बदलायचा आणि मग सगळा सेटअप स्वतःच्या हाताने करायचा, हे यावेळी पहिल्यांदा केलं आणि त्याला सलग तीन संध्याकाळी लागल्या. सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतो.

गिटारवर नऊचा सेट होता, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच आणि सगळ्यात जाड ०.०४२. तारा जुन्या झाल्या होत्या, तिसऱ्या तारेवरून बोट सरकवलं की खरखर लागायची आणि जाड तारांचा आवाज पार बसलेला. बदलायच्या तर होत्याच. पण त्याशिवाय मला बरेच दिवस वाटत होतं की रिदम वाजवताना पिक जोरात पडलं की नऊच्या तारा हाताखाली फार लवतात, जाड ई (ई सुराची सगळ्यात जाड तार) तर मारल्या क्षणी सूर जरा वर नेते आणि मग खाली येऊन बसते, पॉवर कॉर्डमध्ये ते कानाला लागतं. म्हणून ठरवलं की आता दहाचा सेट, ०.०१० ते ०.०४६.

हा फरक आकड्यात बघितला तर इंचाच्या हजाराव्या भागाचा, पण ओढ बघितली तर गोष्ट वेगळी आहे. साडेपंचवीस इंच स्केलच्या, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी असलेल्या गिटारवर स्टँडर्ड ट्यूनिंगला नऊच्या सहा तारा मिळून साधारण ३८ किलोने ओढतात आणि दहाच्या ४६-४७ किलोने. म्हणजे आठ-नऊ किलो जास्त. फिक्स ब्रिज हे मुकाट्याने सहन करतो, फार तर नेक (गिटारचा दांडा) किंचित वाकते. फ्लोटिंग ब्रिजला हे सहन करता येत नाही कारण तो कशालाच घट्ट बसवलेला नसतो, तो फक्त बॉडीतल्या दोन खुंट्यांच्या कडेवर टेकलेला असतो आणि बाकी सगळा समतोल. वरून तारा त्याला नेककडे ओढतात, आणि मागच्या बाजूला, गिटार उलटी करून झाकण काढलं की दिसतात त्या स्प्रिंगा, त्या त्याला उलट दिशेने ओढून धरतात. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की ब्रिज बॉडीला समांतर हवेत राहतो. हा तराजू आहे आणि तो सारखा जिवंत असतो, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. मला ते बसायला उशीर लागला.

थोडं या ब्रिजबद्दल. ब्रिजला लावलेला बार, म्हणजे दांडी हलवून सूर खालीवर करायची सोय जुनीच आहे, स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली तेव्हापासून स्प्रिंगांवर डोलणारा ब्रिज लोकांच्या हातात आहे. फेंडरने त्याला ट्रेमोलो नाव दिलं आणि ते चिकटलं, खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं आणि सूर हलणं म्हणजे व्हायब्रेटो, पण आता कोण बदलणार. अडचण एकच होती, बार जोरात दाबला की तारा नटमध्ये (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात ती) आणि सूर लावायच्या खुंट्यांवर सरकायच्या आणि परत जागेवर यायच्या नाहीत. फ्लॉइड रोज नावाच्या गिटारवादकाने यावर उपाय काढला तो साधा आणि जबरदस्त, तार दोन्ही टोकांना शिकंज्यात आवळून टाकायची, नटलाही आणि ब्रिजलाही, मग सरकायला जागाच नाही. त्याला १९७९ साली पेटंट मिळालं आणि ब्रिजलाही त्याचंच नाव पडलं. सुरुवातीच्या ब्रिजला फाइन ट्यूनर नव्हते, म्हणजे नट आवळताना सूर जरा हलला की परत सगळं सोडायचं, ते छोटे स्क्रू नंतर आले. तंबोऱ्याला जसा मणी असतो ना, खुंटीने जवळपास आणायचं आणि मण्याने नेमकं करायचं, तसंच हे काम. मला ही तुलना फार आवडते कारण माणसाला दोन वेगवेगळ्या वाद्यांवर एकच अडचण आली आणि एकच उत्तर सापडलं.

आता काम. काही वर्षांपूर्वी ही गिटार नवीन होती तेव्हा मी सहाच्या सहा तारा एकदम काढल्या होत्या, फ्रेटबोर्ड (नेकवरची, आडव्या धातूच्या फ्रेट बसवलेली पाटी, जिथे बोटं दाबतो) नीट पुसता यावा म्हणून. तारांची ओढ गेली, स्प्रिंगांची राहिली, आणि ब्रिज मागच्या बाजूने थेट बॉडीच्या खाचेत जाऊन बसला. शेवटची तार सुटली तेव्हा लाकडावर धातू आपटल्याचा जो आवाज आला तो अजून कानात आहे, आणि वार्निशवर उमटलेली रेघही अजून तिथेच आहे. तेव्हा गिटार दुरुस्तीला दिली आणि ती नीट होऊन आली, पण नेमकं काय केलं ते मला बघायला मिळालं नाही आणि मी विचारलंही नाही. त्यामुळे यावेळी मुद्दाम स्वतः करायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी तयारी बरी होती. ॲलन की, त्यातली ३ मिलिमीटरची सगळ्यात जास्त लागते, वायर कटर, स्टार स्क्रूड्रायव्हर, ट्यूनर, मऊ कापड, टेबलावर जाड टॉवेल. ब्रिजच्या मागच्या कडेखाली, फाइन ट्यूनरांच्या खाली, जुना सुती टीशर्ट घड्या घालून घट्ट बसवला, म्हणजे तारा सुटल्या तरी ब्रिजला खाली जायला जागा राहत नाही. एवढी एक गोष्ट आधी माहीत असती तर ती रेघ पडली नसती.

मग लॉकिंग नटचे तिन्ही स्क्रू सोडले. तीन छोट्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली दोन तारा. पट्ट्या काढून ठेवताना ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ठेवल्या. मग खुंट्या सैल. एक सांगतो, ताणलेली तार कधीच कापू नका, आधी पूर्ण लुळी होईपर्यंत सोडा, कारण ताणलेल्या तारेचं टोक सुटलं की ते कुठे जाईल याचा नेम नसतो आणि आपला चेहरा तिच्या अगदी वर असतो. मी चष्मा लावतो म्हणून बरं, नाहीतर कामापुरता गॉगल लावेन.

फ्लॉइड रोजला तारेचं गोळ्याचं टोक कामाचं नसतं, ते कापून टाकायचं आणि उरलेली तार सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते तो छोटा तुकडा) पोटात घालून मागून येणाऱ्या लांब स्क्रूने आवळायची. आत एक छोटा चौकोनी ठोकळा असतो, तो तारेला दाबून धरतो. जुन्या तारा काढताना गिटार तिरकी केली तर हे ठोकळे टपकन खाली पडतात आणि गालिच्यात पडले तर संपलंच, म्हणून टॉवेल. सहाही ठोकळे बाहेर काढून बघितले. दोन ठोकळ्यांवर तारेची खोल चीर पडली होती, ते उलटे करून चांगली बाजू पुढे आली असं बसवलं.

फ्रेटबोर्ड रोजवुडचा आहे, त्यावर लेमन ऑइलचे चार थेंब कापडावर घेऊन फिरवले आणि दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून घेतला. फ्रेटच्या कडेला साठलेला काळा थर निघाला. मेपलचा वार्निश केलेला फ्रेटबोर्ड असेल तर तेल लावायचं कारण नाही, तिथे ओलसर कापड पुरतं.

आता नवीन तारा. गोळा कापताना एक बारकाई आहे, गोळ्याच्या वर तार स्वतःभोवती पिळलेली असते तो जाडसर भाग पूर्ण निघाला पाहिजे, तो सॅडलमध्ये गेला तर ठोकळा तारेला सपाट धरत नाही. माझे गिटारचे सर उलटं करतात, तार हेडस्टॉककडून ओवतात, गोळा खुंटीपाशीच राहतो आणि साधं टोक ब्रिजला येतं, म्हणजे गोळा कापायची गरजच नाही. मी अजून करून बघितलं नाही. मी नेहमीप्रमाणे कापून, सॅडलमध्ये घालून, आवळून, मग खुंटीवर दोन-तीन वेढे.

तिसऱ्या तारेपर्यंत छान चाललं होतं. तिसरी, म्हणजे जी (G) सुराची तार चढवत होतो, ट्यूनरवर एफ शार्प दिसत होता आणि टण्ण करून तार सॅडलमधून निसटून आली. काळजात धस्स झालं. तार तुटली नव्हती, नुसती निसटली होती, कारण मी ती पोटात तळापर्यंत घातलीच नव्हती, वरच्या वर दोन मिलिमीटर पकडली गेली होती. त्यानंतर प्रत्येक तार घालताना बोटाने खालपर्यंत ढकलायची, तळ लागला हे बोटाला कळलं की मगच स्क्रू, असा नियम ठेवला. आवळायचं घट्ट, पण अंगातला जोर लावून नाही. हे छोटे षटकोनी खोबणीचे स्क्रू एकदा आतून गोल झाले की ते बाहेर काढणं हे वेगळंच दुखणं होऊन बसतं.

सहा तारा लागल्या, टीशर्ट काढला आणि ट्यूनिंग सुरू केलं. आणि इथे खरं काय ते सुरू झालं.

जाड ई लावली ८२.४ हर्ट्झला, नेमकी. मग ए, डी, जी, बी, बारीक ई. परत जाड ईवर आलो तर ती जवळजवळ दीड स्वर खाली. परत वर घेतली, तर बाकीच्या पाच उतरल्या. कारण सरळ आहे, एक तार ताणली की ब्रिज थोडा पुढे झुकतो आणि ब्रिज पुढे झुकला की उरलेल्या सगळ्या तारा सैल होतात. फिक्स ब्रिजवर प्रत्येक तारेचं ट्यूनिंग स्वतंत्र असतं, इथे कुठल्याही एका तारेला हात लावणं म्हणजे सहाही तारांना हात लावणं. फेऱ्या मारत राहिलं की फरक कमी कमी होत जातो हे मला माहीत होतं, नऊच्या तारांवर चार-पाच फेऱ्यांत जमायचं. पण इथे सात-आठ फेऱ्या झाल्या, सूर जवळ आले, आणि गिटार आडवी धरून बघितली तर ब्रिज पुढे झुकून मागची कड चांगली वर आलेली. तारा बोर्डापासून इतक्या उंच की बाराव्या फ्रेटवर दाबताना बोटाला कळत होतं. आठ-नऊ किलोचा जादा भार तो असा समोर दिसत होता.

मागचं झाकण काढलं. आत तीन स्प्रिंगा, त्यांचं एक टोक ब्रिजच्या खाली उतरणाऱ्या धातूच्या मोठ्या ठोकळ्यात अडकलेलं आणि दुसरं क्लॉ नावाच्या पट्टीला. क्लॉला दोन लांब स्क्रू असतात, ते आत फिरवले की स्प्रिंगांची ओढ वाढते. म्हणून ते अर्धा अर्धा फेरा आवळले. ब्रिज खाली आला, पण सहाही तारा चढल्या. परत सगळ्या उतरवल्या, तर ब्रिज अजून खाली, आता मागे झुकला. परत स्क्रू सैल. रात्री अकरा वाजेपर्यंत हेच. मी काही चुकीचं करत नव्हतो, दिशा बरोबर होत्या, पण दोन गोष्टी एकाच वेळी हलत होत्या आणि दोन्ही एकमेकींना हलवत होत्या. थकून ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ब्रिज अडवलास का?"

म्हटलं, "हो सर, तारा काढताना खाली कापड लावलं होतं."

"ते काढताना झालं. चढवताना अडवलास का? मागून, ठोकळ्याच्या पाठीमागे?"

नव्हता अडवला. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी फोनवरच दोनदा परत म्हणायला लावलं. तारांनी ब्रिज पुढे झुकतो तेव्हा खालचा ठोकळा उलट दिशेने, म्हणजे गिटारच्या शेपटीकडे जातो. तिकडे ठोकळा आणि बॉडीची भिंत यात जी फट असते, ब्रिज समांतर असताना ती जेवढी असते, बरोबर तेवढ्याच जाडीचा लाकडाचा तुकडा तिथे घालायचा. मग ब्रिज पुढे झुकूच शकत नाही. तोवर गिटार तुमच्यासाठी फिक्स ब्रिजची आहे, एक तार लावली तर बाकीच्या हलणार नाहीत. सगळ्या तारा नेमक्या सुरात आणायच्या. आणि मग क्लॉचे स्क्रू हळूहळू आवळत जायचे, स्प्रिंगांची ओढ तारांच्या ओढीइतकी झाली की तो लाकडाचा तुकडा आपोआप सैल होऊन बाहेर निघतो. तो निघाला की ब्रिज समांतर आणि तारा सुरात, दोन्ही एकदम.

"तुकडा सुटला की थांब, पुढे एक पाव फेरासुद्धा नको," सर म्हणाले.

यात मला सगळ्यात भावलं ते हे की आपण दोन हलत्या गोष्टींपैकी एक काही वेळापुरती थांबवतो. बस्स. एवढ्याने आदल्या रात्रीचा सगळा गुंता सुटतो.

दुसऱ्या संध्याकाळी फट मोजायची होती. पण ब्रिज तर झुकलेला, मग समांतर असतानाची फट कशी मोजणार? सहाही तारा थोड्या थोड्या सैल करत गेलो, ब्रिज हळूहळू खाली येत गेला, आणि बाजूने बघत असताना त्याची तळपट्टी बॉडीच्या रेषेत आली तिथे थांबलो. मागून फट मोजली, साडेनऊ मिलिमीटर भरली, ही माझ्या गिटारची, प्रत्येकाची वेगळी असणार. लाकडाची एक जाड पट्टी घेतली, पॉलिश पेपरवर घासत घासत साडेनऊवर आणली. यात एक तास गेला आणि तो तास मला फार आवडला. घासायचं, घालून बघायचं, परत घासायचं. घट्ट बसली पण ठोकावी लागली नाही अशी झाली तेव्हा थांबलो.

पट्टी बसवून ट्यून केलं. जाड ई लावली, ए लावली, परत ई बघितली, जागच्या जागी. मी तीनदा वाजवून बघितली. दहा मिनिटांत सहाही तारा लागल्या, आदल्या दिवशी तीन तासांत लागल्या नव्हत्या.

पट्टी असतानाच तारा ताणून घेतल्या. नवीन तार खुंटीच्या वेढ्यांमध्ये बसेपर्यंत उतरत राहते, म्हणून बाराव्या फ्रेटच्या आसपास दोन बोटांनी तार बोर्डापासून हलकेच उचलायची, परत ट्यून, परत उचलायची, उतरायची थांबेपर्यंत. ब्रिज मोकळा असेल तर आपण तार उचलतो तेव्हा ब्रिजच पुढे येतो आणि तारेला नीट ताण बसत नाही, पट्टी असली की सगळा ताण तारेलाच. चार फेऱ्यांत सगळ्या स्थिर झाल्या.

मग स्क्रू. क्लॉचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव पाव फेरा, एका हाताने पट्टी हलवून बघत. सुरुवातीला ती दगडासारखी. सहाव्या-सातव्या पाव फेऱ्याला थोडी हलली. आठव्याला बोटांनी ओढली तशी घासत बाहेर आली. गिटार सरळ करून बाजूने बघितली, ब्रिज समांतर. ट्यूनर लावला, सगळ्या तारा एक-दोन सेंटने (सेंट म्हणजे एका अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेल्या, सगळ्या सारख्याच. मी एकटाच खोलीत होतो आणि मोठ्याने वा म्हणालो.

तीनच स्प्रिंगा पुरल्या. चौथी घालावी का असा विचार आला होता, पण क्लॉच्या स्क्रूंना अजून बरीच जागा आहे आणि स्प्रिंगा वाढल्या की बार हाताला जड लागतो. माझ्या हाताला हा हलकेपणा पाहिजे. अजून जाड तारा असत्या तर कदाचित चौथी लागली असती.

तिसरी संध्याकाळ बारीकसारीक कामांची. वाढलेल्या ओढीने नेक किंचित पुढे वाकली होती. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरला की तार सरळ फूटपट्टीसारखी होते, मग सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट दिसते ते बघायचं. साधारण ०.२ ते ०.२५ मिलिमीटर बरी, माझी त्याच्या जवळजवळ दुप्पट. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई, तिने नेकचा बाक कमीजास्त होतो) पाव फेरा आवळला, त्याहून जास्त एका वेळी कधीच नाही, आणि तासभर थांबून परत मोजलं, आली जागेवर.

मग तारांची उंची. ब्रिजच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या फिरवून ती कमीजास्त होते, पण ब्रिज त्या खुंट्यांवर सुरीच्या धारेसारख्या कडेने टेकलेला असतो आणि तारांच्या पूर्ण ताणाखाली खुंटी फिरवली तर ती धार झिजते. धार गेली की बार सोडल्यावर ब्रिज जागेवर परत येत नाही, आणि मग सगळ्या ब्रिजचं प्रयोजनच गेलं. त्यामुळे आधी तारा सैल केल्या, ब्रिजखाली परत टीशर्ट, मग खुंट्या. याबाबतीत आळस करू नका, खरंच. बाराव्या फ्रेटवर जाड ईखाली १.८ मिलिमीटर आणि बारीक ईखाली १.५ ठेवली.

इंटोनेशन राहिलं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवायचा आणि मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवायची, दोन्ही सूर एकच आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. दहाच्या तारा जाड आणि कडक, त्यामुळे बहुतेक दाबलेले सूर चढेच होते, जाड ई ५ सेंट.  मी हिशेब केला, साडेपंचवीस इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर स्केलला सॅडल १ मिलिमीटर सरकवला की हा फरक पावणेतीन सेंटने कमी होतो, म्हणजे ५ सेंटला जवळजवळ २ मिलिमीटर. हा हिशेब हातात असल्याने अंदाजाने मागेपुढे करत बसावं लागलं नाही. बाकी कष्ट मात्र आहेतच, कारण फ्लॉइड रोजला सॅडल सरकवायला वेगळा स्क्रू नसतो, तार सैल करायची, सॅडलसमोरचा छोटा बोल्ट ढिला करायचा, सॅडल बोटाने सरकवायचा, बोल्ट आवळायचा, तार परत चढवायची आणि मग बघायचं. तार सैल केली की ब्रिज मागे जातो, म्हणून खाली परत कापड. एका तारेला दहा मिनिटं धरा. बारीक ई आणि बीला मी १ सेंटवर सोडून दिलं, माझ्या कानाला तेवढं कळत नाही.

सगळ्यात शेवटी नट. फाइन ट्यूनर सगळे मधोमध आणून ठेवले. हे आधी करायचं असतं आणि पूर्वी एकदा मी विसरलो होतो, नट आवळल्यावर लक्षात आलं की दोन फाइन ट्यूनर तळाला टेकलेत आणि तार अजून उतरलेलीच, मग नट परत सोडावा लागला होता. मधोमध ठेवून खुंट्यांनी सगळं सुरात आणलं आणि मगच तिन्ही पट्ट्या आवळल्या. आवळताना सूर दोन-तीन सेंट चढले, फाइन ट्यूनरने उतरवले. आवळताना सूर फारच चढत असतील तर हेडस्टॉकवरची आडवी दांडी बघा, ती तारांना खाली दाबून नटवर सपाट बसवण्यासाठीच असते, ती वर राहिली असेल तर पट्टी तारेला वाकवते आणि सूर पळतो.

वाजवायला घेतली तर मागून बारीक किणकिण यायला लागली, प्रत्येक स्टॅकाटो नोटनंतर. त्या स्प्रिंगा वाजत होत्या. त्यांच्याखाली फोमचा पातळ तुकडा सरकवला, थांबली.

मग बार लावला आणि पूर्ण खाली दाबला, इतका की तारा लोंबून पिकअपला टेकल्या, आणि सोडून दिला. ट्यूनर बघितला. जी (G) तार १ सेंट वर, बाकी पाच हिरव्यात. परत दाबला, परत सोडला. त्यानंतर तासभर वाजवत बसलो. दहाच्या तारांवर जाड ई आता पिकखाली पळत नाही, मारल्या जागी राहते, पॉवर कॉर्ड भरीव येतो. बेंड (तार आडवी ढकलून सूर चढवणं) मात्र जड झालेत, पहिल्या दिवशी अनामिकेचं टोक दुखलं. आणि एक गोष्ट कुठल्याच गेजने बदलणार नाही, एक तार बेंड केली की ब्रिज पुढे येऊन बाकीच्या उतरतात, त्यामुळे एक तार बेंड करून दुसरी तशीच वाजवायची असली की ती दुसरी बेसूर येते. त्यावर मी सध्या करंगळीने दुसरी तारही किंचित वर ढकलायचा सराव करतोय. अजून जमत नाहीये, दहापैकी तीन-चारदा येतं.

लाकडाची पट्टी गिटारच्या केसमध्ये ठेवलीय, तिच्यावर पेनाने ९.५ लिहून.